न झाडलेलं परस

"शेपूट कसं हाय?" आबांनी विचारलं.

"लांब आहे. टोकाला दोन फाटे, माशासारखे."

"बसलाय कुठं?"

"विजेच्या तारेवर."

"मग त्यो कोतवाल. त्याला काय बोलवायचं? त्यो आपणच येतोय दरारा दावायला." एवढं बोलून माझ्या सासऱ्यांनी तोंड पुन्हा भिंतीकडं फिरवलं.

मी भाताची वाटी पायरीवर ठेवली. तीन दिवसांतला हा माझा तिसरा काळा पक्षी. पहिल्याचे डोळे लाल आहेत म्हटल्याबरोबर आबा म्हणाले होते, "कोकीळ." दुसऱ्याच्या पंखावर पांढरा पट्टा आहे असं मी सांगितलं, तेव्हा म्हणाले, "त्यो दयाळ. त्याला काळा म्हणतीस तर मग मला गोरा म्हण."

तिन्ही वेळा मी चुकले, तरी मला बरं वाटत होतं. भाद्रपदात सासूबाई गेल्या, तेव्हापासून आबा घरात इतकं कधी बोललेच नव्हते.

आबांनी, म्हणजे केरबा वनरक्षकांनी, चाळीस वर्षं पाटगावच्या वरच्या जंगलात नोकरी केली. निवृत्तीनंतरही तिथंच, जंगलाच्या कडेला दोन खोल्या बांधून राहिले. पुढं काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले. तरी त्यांचं अडलं नाही, कारण सासूबाई होत्या. त्या शेवटच्या दुखण्यात आमच्याकडं गारगोटीला होत्या. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "अनसूया, त्यांना वर एकटं ठिवू नगंस. माझ्या डोळ्यांनी बघत हुतं ते." मी होय म्हटलं. मरणाऱ्या माणसाला दिलेलं होय कसं असतं, ते सांगायला नको.

दिवसकार्य झाल्यावर आबा कुणाचं न ऐकता वर गेले. पंधरा दिवसांत एकदा चुलीत हात भाजला, एकदा ओढ्याच्या चरात पडले आणि सकाळपर्यंत तिथंच होते. त्यांच्या हाताखाली काम केलेला बाबू तिकडं वडापची, म्हणजे माणशी भाड्याची, जीप चालवायचा. त्यानं त्यांना उचलून आमच्या दारात आणून सोडलं. तेव्हाच आबांनी त्याला सांगून ठेवलं होतं, "संक्रांतीला न्यायला ये. हात बरा हुईपतूर हितं. मग न्हाई."

आमचे हे म्हणायचे, "जाऊ दे त्यांना. कोंडून थोडंच ठेवणार आहोत?" पण ह्यांनी होय म्हटलेलं नव्हतं. मी म्हटलं होतं.

कार्तिकी पौर्णिमा झाल्यावर एके सकाळी मी आबांना विचारलं, "वर असं काय आहे, जे इथं नाही?"

ते म्हणाले, "कस्तूर."

"म्हणजे?"

"पाखरू. काळं. पावसाळ्यात पहाटं अशी शीळ घालतंय की माणूस चहा प्यायचा ऱ्हातोय. हिला लई आवडायचा. डोळं गेल्यावर मला तेवढं एक कळायचं, की आता उजाडलं."

"ते खाली येत नाही?"

"थंडीत उतरतंय की. पर तुमच्याकडं कशाला येईल?"

"का नाही येणार?"

आबांच्या ओठांवर काहीतरी आलं आणि त्यांनी ते गिळलं, एवढं मला दिसलं. मी पुन्हा विचारल्यावर मात्र त्यांनी ओळख सांगितली. साळुंकीएवढा. अंग राखी, धुरकट, लांबून काळंच दिसणारं. डोकं तेवढं काळंभोर, टोपी घातल्यासारखं. चोच नारिंगी आणि डोळ्याभोवती पिवळं कडं. "आणि साळुंकी बाईमाणसासारखी पाय टाकत चालती. ह्यो उड्या मारतोय, मग थांबून ऐकतोय. मग परत उडी."

त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, संक्रांतीच्या आत कस्तूर आमच्या परसात आणायचा. तो रोज येऊ लागला तर आबांना वर जायचं कारण उरणार नव्हतं.

आमचं परस तसं बेताचं. दोन फणस, एक पेरू, विहीर, तुळस. पण स्वच्छतेत सगळ्या गल्लीत पहिलं, आणि त्याला कारण माझा नेम. लग्न करून निघताना आईनं मला तो दिला होता: पुढचं अंगण आणि मागचं परस झाडून झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घालायचा नाही. बारा वर्षं तो मी पाळला. बाळंतपणात आईनं माझ्या नावानं झाडलं, एवढाच काय तो अपवाद. उजाडायच्या आधी खराटा घेऊन मी फणसाचं पान न् पान गोळा करायची, कोपऱ्यात जाळायची, मग सडा टाकायची. हौसाक्का, आमच्या शेजारीण, म्हणायच्या, "अनसूयेच्या परसात भाकरी सांडली तर उचलून खावी."

त्या चकचकीत परसात मी भात ठेवला, पोळीचे तुकडे ठेवले, परातीत पाणी ठेवलं, पिकलं केळं सोलून फणसाच्या बुंध्याशी ठेवलं. कावळे आले, चिमण्या आल्या, साळुंक्या आल्या आणि भांडून गेल्या. एक छोटा काळा पक्षी शेपटी वर करून आला, तेव्हा मी पळत आबांकडं गेले.

"शेपटीखाली तांबूस हाय का बघ."

"आहे."

"चिरक. मुठीएवढं पाखरू ते. साळुंकीएवढा म्हणून सांगितलं हुतं मी."

"मला आता सगळेच काळे सारखे दिसायला लागलेत, आबा."

"माझ्यासारखं झालं की मग तुझं." आणि ते हसले. भाद्रपदानंतर पहिल्यांदा.

ह्यांनी सुचवलं, "गांडुळं काढून टाक. मासे धरायला टाकतात तशी." मी म्हटलं, मार्गशीर्षात मी कुणाचा जीव उकरून कुणाला घालणार नाही. हे म्हणाले, "मग पाखराला एकादशी करायला सांग."

कस्तूर मला दिसला तो भलत्याच ठिकाणी. मार्गशीर्षाच्या पहिल्या गुरुवारी नदीकाठच्या दत्ताला गेले होते. देवळाच्या मागं प्रदक्षिणेच्या वाटेवर वडाचा आणि फणसाचा पाला कैक वर्षं साचलेला. पुजारी थकलेले, झाडायला कोणी नाही. दर गुरुवारी मी तो पाला बघून मनातल्या मनात खराटा हातात घ्यायची. त्या दिवशी पाल्यात काहीतरी हललं. वाटलं, सरडा. तर एक पान उलटं होऊन बाजूला उडालं, मग दुसरं. मागून काळी टोपी वर आली.

मी जागची हलले नाही. राखी अंग, नारिंगी चोच, पिवळं कडं. उडी मारली, थांबला, मान वाकडी करून ऐकलं. मग चोचीनं पान धरून असं भिरकावलं, जसं आपण पत्रावळ उचलून टाकतो. खाली काळी ओली माती होती आणि तिथं त्याचं जेवण होतं.

प्रदक्षिणा अर्धी सोडून मी उभी होते. आबांनी काय गिळलं होतं ते मला तिथं कळलं. आमच्याकडं तो येणार नव्हता, कारण आमच्याकडं एक पान नव्हतं. बारा वर्षं मी रोज पहाटे उठून त्याचं ताट उचलून जाळत होते.

घरी येऊन मी कुणाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पुढचं अंगण झाडलं, सडा टाकला, रांगोळी काढली. मागं आले, खराटा हातात घेतला आणि फणसाखाली रात्रीत पडलेल्या पानांकडं बघत राहिले. मग खराटा विहिरीच्या कठड्याला टेकवून ठेवला.

परस झाडलं नाही म्हणजे पाणी नाही. त्यात पळवाट काढायची नव्हती. देवाशी वकिली करणारी माणसं मला कधी आवडली नाहीत. मी ठरवलं, दिवे लागेपर्यंत पाणी नाही आणि अन्नही नाही. तुळशीपुढं दिवा लावायचा, दिवसभराची क्षमा मागायची, मग एकदाच जेवायचं. पहाटे परत तेच. संक्रांतीपर्यंत.

घरात कुणाला संशय आला नाही. मार्गशीर्ष होता आणि माझे उपास सगळ्यांच्या अंगवळणी पडले होते. पुढं पौष लागला तेव्हा ह्यांनी एकदा विचारलं, "पौषातपण असतं का गं काही?" मी म्हटलं, यंदा धरलंय. मुली शाळेत जायच्या, हे दूध संघात. दिवसभर घरात आम्ही दोघंच, मी आणि आबा.

आपला पाला पुरेना, म्हणून मी देवळामागचा आणला. पुजारीकाकांना विचारून पोत्यात भरून, डोक्यावरून, सहा खेपा. फणसाखाली पसरला, तळ ओला राहावा म्हणून संध्याकाळी विहिरीचं पाणी शिंपलं. चौथ्या खेपेला हौसाक्का कुंपणाशी उभ्याच होत्या.

"काय चाललंय हे? लोक देवळात कचरा टाकतात, तू देवळातनं आणतीस?"

"खत करायचंय, आक्का."

"खत करायला खड्डा काढतात. आणि काळं पाखरू बोलवतीस म्हणं दारात. तुझा नवरा हिंदुराव सांगत हुता आमच्या ह्यांना. सासऱ्याला म्हातारपणी छंद लागला ते समजलं, तुला कधी लागला?"

"लागला खरा."

"साप येतील बघ."

"त्यांनाही कुठंतरी राहायला पाहिजेच की."

हौसाक्कांना माझं हे बोलणं इतकं नवीन होतं, की त्या घरात निघून गेल्या.

पहिला आठवडा जड गेला. तहानेपेक्षा हात जड जायचे. पहाटे उठल्याबरोबर हात खराट्याकडं जायचे, त्यांना परत आणावं लागायचं. दुसऱ्या आठवड्यात पाल्यात मुंग्या, गोम, गोगलगाय दिसायला लागल्या. तिसऱ्यात पान उचललं की खाली माती काळी झालेली. पण कस्तूर नाही. साळुंक्या यायच्या, बाईमाणसासारखा पाय टाकत फिरायच्या आणि जायच्या. आबा विचारायचे, "आज कोण?" मी सांगायची. ते म्हणायचे, "नगं लागू पोरी त्याच्या नादाला. बाबू येईलच आता." आणि भाजल्या हाताची मूठ उघडून मिटून बघायचे. हात बरा झाला होता.

पाचव्या आठवड्यात विहिरीवर घागर ओढताना माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. हौसाक्कांनी पलीकडून बघितलं. कुंपणाशी येऊन हळूच म्हणाल्या, "काय गं, परत? दोन मुली झाल्यावर?" मी नाही म्हणून मान हलवली. त्या म्हणाल्या, "बघ हं, लपवू नकोस." संध्याकाळी चिंच आणून दिली. मी दिवा लागल्यावर खाल्ली.

भोगीच्या आदल्या दिवशी, ऊन फणसाच्या शेंड्यावरून खाली येत होतं तेव्हा मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं. पाल्यावर काळी टोपी होती.

मी एकेक खूण मोजली. चोच, कडं, राखी पाठ. उडी मारली, थांबला. मग पदर सावरून सोप्यावर गेले, आबांचा हात धरला. "चला."

"कुठं?"

"आला."

आबांनी काठीसुद्धा घेतली नाही. मागच्या पायरीवर मी त्यांना बसवलं आणि शेजारी खाली बसले. कस्तूर सात-आठ हातांवर होता. आमच्याकडं एकदा बघून कामाला लागला.

आम्ही वाट बघत बसलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पाखरानं चोच उघडली ती फक्त खायला. मी मनात दत्ताचं नाव घेत होते. आबांच्या कानाशी हळूच म्हटलं, "गाईल हं आत्ता. थोडं थांबा."

आबा म्हणाले, "थंडीत गात न्हाई त्यो."

मला आधी समजलंच नाही.

"पोरी, थंडीत त्यो मुका असतोय. वळीव जवळ आला की गळा उघडतोय, आणि तवर वर जातोय परत. तुला वाटलं व्हय, गाईल म्हणून?"

पस्तीस दिवस मी वाट बघितली ती शिळेची. आंधळ्या माणसाच्या दारात मी मुकं पाखरू आणून बसवलं होतं. एवढी साधी गोष्ट आधी विचारली नाही म्हणून मला स्वतःची लाज वाटली. डोळे भरले. आबांना दिसणार नव्हतं म्हणून पुसले नाहीत.

"उठू या का, आबा?"

"गप." त्यांनी हात वर केला. मान वाकडी केली. "पाला कुणाचा हाय? फणस?"

"फणसाचा. थोडा वडाचा."

"वडाचं पान वाजतंय निराळं. ऐक. उजवीकडं फेकलं. परत उजवीकडं. आता थांबलाय."

मी बघितलं. तो थांबलेला होता.

"ऐकतोय खालचं. आता दोन उड्या मारंल."

त्यानं दोन उड्या मारल्या.

"हं. आता ओढतोय. लांब हाय गांडूळ, जोर लावतोय. तुटलं." आबांचा चेहरा खाली झुकला होता आणि त्यांचे दोन्ही हात मांडीवर पानं उलटावी तसे हलत होते. "आता विहिरीकडं सरकला. तिथं पाला जाड टाकलास व्हय? तिथं आवाज बसका येतोय."

"हो."

"लई दिसानं असं दिसतंय मला," आबा म्हणाले.

पुढचा अर्धा तास ते सांगत होते आणि मी बघत होते. एकदाही चुकले नाहीत. कुंपणापलीकडं कुणाच्या तरी घागरीचा आवाज झाला तेव्हा कस्तूर 'चक् चक्' करून फणसात गेला. आबा म्हणाले, "येईल परत. जागा कळली की सोडत न्हाई त्यो." आणि मग एकाएकी त्यांचा आवाज बदलला. "एवढा पाला म्हणजे महिन्याचा तरी हाय. मागं खराटा वाजत न्हाई ते ध्यानात आलं हुतं माझ्या. मला वाटलं, म्हाताऱ्याची झोप मोडू नये म्हणून केरसुणीनं झाडत असशील. झाडलंच न्हाईस तू?"

"नाही."

"आणि पाणी?"

मी विहिरीकडं बघत राहिले.

"अनसूया, पाणी कवा पितीस?"

"दिवा लागल्यावर."

"रोज?"

"रोज."

आबा काठी शोधायला लागले. काठी आत होती. त्यांना राग आला की हाताला काठी लागायची. "म्हणून तर सांगितलं न्हवतं मी तुला. पाल्याशिवाय येत न्हाई हे मला ठावं न्हवतं व्हय? सुनेला नेम मोडायला सांगू? आणि तू जिवावर घेतलंस. कुणी सांगितलं हुतं?"

"आईंनी," मी म्हटलं. "तुम्हाला वर एकटं ठेवू नको म्हणाल्या. मी होय म्हटलंय."

ऊन पायरीपर्यंत आलं. तेव्हा आबा म्हणाले, "काठी आण. आणि खराटा."

मी दोन्ही आणलं. आबा उठले, पायांनी पायरीची कड चाचपली, आणि काठी पाल्यात टेकवत विहिरीच्या दिशेनं सरळ चालायला लागले. "ये माझ्या मागनं. माझ्या पावलावर झाड. दोन हात रुंद, जास्त न्हाई. मातीपतूर."

"आबा, अर्धवट झाडून माझा नेम—"

"जंगलात जाळरेषा असती, ठावं हाय? वणवा म्होरं जाऊ नये म्हणून पाल्यातनं पट्टा झाडून काढायचा. दोन्हीकडं पाला तसाच. चाळीस वर्सं तेच केलं मी. कुणी सबंध जंगल झाडत न्हाई, पोरी. रेघ झाडली की जंगल राखलं, असं सरकार कागदावर लिहून घेतंय. तुझा देव सरकारपरास कडक हाय व्हय?"

मी खराटा धरून उभी राहिले. नेम देणारी आई आता नव्हती. ज्यांना शब्द दिला त्याही नव्हत्या. घरात वडीलधारं माणूस हे एकच होतं, आणि ते पाल्यात पाय रोवून माझ्यासाठी थांबलं होतं. मी तुळशीकडं बघून हात जोडले आणि वाकले.

आबा पुढं, मी मागं. पायरीपासून विहिरीपर्यंत, विहिरीपासून तुळशीपर्यंत, तुळशीपासून कुंपणापर्यंत. कुठं वळायचं ते काठीनं दाखवत होते. एका ठिकाणी थांबून म्हणाले, "हितं ऱ्हायलं जरा." खरंच चार पानं राहिली होती. कुंपणाशी पोचलो तेव्हा ते म्हणाले, "झालं. आता पाणी पी. माझ्या म्होरं."

मी घागरीतून तांब्या भरला आणि सकाळच्या उन्हात उभ्यानं पाणी प्याले. आबा घशाचा आवाज ऐकत उभे होते. तांब्या संपेपर्यंत हलले नाहीत.

संक्रांतीला बाबू आला. जीप दारात लावून आत आला, तिळगूळ घेतला, आणि आबांना म्हणाला, "चला मामा. सामान कुठं हाय?"

आबा मागच्या पायरीवर होते. फणसाखालून पानं उलटल्याचा आवाज येत होता. त्यांनी बाबूला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. जरा वेळानं हळू आवाजात म्हणाले, "ह्या वाऱ्याला पाला रेषेवर येतोय. रोज बघायला लागतंय. हिला एकटीला जमायचं न्हाई."

"मग शिमग्याला येऊ?"

"तू आपला वडाप कर. वरच्या घराची किल्ली तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे, गुरं बांध तिथं." आबांनी माझ्या दिशेनं मान वळवली. मी दारात उभी होते ते त्यांना कसं कळलं, कोण जाणे. "आणि खाली येशील तवा पाला ओढायचं माझं दंताळं घेऊन ये. दोन आण."